पेशींतील कोठड्या आणि पिंपरीचें पेनिसिलिन

पुण्याच्या उत्तरेस, इंद्रायणीच्या बाजूला वसलेलें टाळगांव चिखली हें एके काळीं शेतीवर जगणारें खेडें होतें. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून यंत्रांचे सुटे भाग घडविणारे लहानमोठे कारखाने तेथें दाटीनें उभे आहेत. अशा प्रकारच्या एखाद्या व्यवस्थित कारखान्याची रचना पाहिली असतां एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. लेथ एका बाजूस असतात. धातूवर मुलामा चढविण्याच्या आम्लाच्या टाक्या भिंतीपलीकडे निराळ्या जागेंत असतात. रंगकाम तिसऱ्या खोलींत चालतें, आणि तयार माल बांधण्याची जागा ह्या सर्वांपासून दूर राखलेली असते. आम्लाची वाफ लेथपर्यंत पोंचली तर यंत्र गंजेल. लोखंडाचा कीस रंगांत पडला तर माल फुकट जाईल. म्हणजे तेथील भिंत हा केवळ आडोसा नव्हे; ती कामाचाच एक भाग आहे.

वनस्पति, प्राणी आणि बुरशी ह्यांच्या पेशींतही हाच न्याय चालतो. पेशी म्हणजे चिकट रसानें भरलेली एक सूक्ष्म थैली, अशी ढोबळ कल्पना पुष्कळांची असते. वस्तुतः त्या थैलीच्या आंत अनेक लहान लहान कोठड्या असतात, आणि प्रत्येक कोठडीस स्वतःचें पटल, म्हणजे अत्यंत पातळ असें आवरण असतें. अशा कोठड्यांस शास्त्रीय परिभाषेंत पेशीअंगकें असें नांव आहे. त्यांचें कार्य समजावून घेण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. चिखलीपासून थोड्याच मैलांवर पिंपरी येथें अनेक वर्षें पेनिसिलिन तयार होत असे. आणि त्या औषधाच्या घडणीचा शेवटचा टप्पा अशाच एका कोठडींत पुरा होत असे. त्या कोठडीचा पत्ता लागावयास मात्र कारखाना सुरू झाल्यावर तीन तपें लोटावीं लागलीं.

पेनिसिलियम नांवाच्या बुरशीचा जंतुनाशक गुण अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांस १९२८ सालीं लंडन येथें दिसला. ऑक्सफर्ड येथील फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९४० च्या सुमारास त्यांतील गुणकारी द्रव्य वेगळें करून त्याचा औषध म्हणून उपयोग सिद्ध केला. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंतील पिओरिया येथें एका बुरसलेल्या खरबुजावर जी बुरशी सांपडली, तिच्या वंशजांपासून जगभर मोठ्या प्रमाणावर पेनिसिलिन होऊं लागलें. भारत सरकारनें १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साहाय्यानें पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९५५ सालीं तेथें पेनिसिलिनचें उत्पादन सुरू झालें. मोठमोठ्या बंद टाक्यांत शर्करायुक्त पोषक द्रव भरावयाचा, त्यांत बुरशी सोडावयाची, जंतुरहित केलेली हवा सतत खेळवावयाची, आणि कांहीं दिवसांनीं त्या आंबवणांतून पेनिसिलिन निराळें काढावयाचें, हें ह्या धंद्याचें स्थूल स्वरूप होय. टाकींतील उष्णता, हवा आणि आम्लता ह्यांवर रसायनज्ञांची डोळ्यांत तेल घालून नजर असे. परंतु टाकीच्या आंत बुरशी, आणि बुरशीच्या आंत तिची पेशी, ह्या अंतर्गृहांत औषध नेमकें कोठें घडतें, हें त्या वेळीं जगांत कोणासही सांगतां आलें नसतें.

ह्या अंतर्गृहाची ओळख करून घेण्यापूर्वीं त्याच्या भिंती कशाच्या आहेत तें पाहिलें पाहिजे. पेशींतील पटल इतकें पातळ असतें कीं, सुमारें दीड लक्ष पटलें एकावर एक रचलीं तर त्यांची जाडी जेमतेम एक मिलिमीटर भरेल. तें स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचें बनलेलें असतें. ह्या रेणूंचें डोकें पाण्यास जवळ करतें आणि शेपटी पाण्यापासून दूर पळते. म्हणून दोन्ही थरांतील रेणु शेपट्यांना शेपट्या लावून, डोकीं बाहेर काढून आपोआप रांगेनें उभे राहतात. आमटीवरील तेलाचा तवंग पाण्यांत मिसळत नाहीं, त्याच स्वभावधर्मामुळें ही भिंत उभी राहते. मीठ, साखर किंवा आम्ल ह्यांना ह्या तेलकट भिंतींतून सहजासहजीं पलीकडे जातां येत नाहीं. त्यांच्यासाठीं भिंतींत प्रथिनांचे दरवाजे बसविलेले असतात, आणि प्रत्येक दरवाजा आपापला पाहुणा ओळखून आंत घेतो. ह्यामुळेंच एका कोठडींत आम्ल आणि शेजारच्या कोठडींत आम्लाचा अभाव, अशा दोन परस्परविरोधी परिस्थिति एकाच पेशींत सुखानें नांदूं शकतात.

जुन्या वाड्यांत देवघर, माजघर, कोठीघर, न्हाणीघर अशा निरनिराळ्या जागा असत, तशाच ह्या कोठड्याही निरनिराळ्या कामांच्या असतात. केंद्रक हें दप्तरखान्यासारखें आहे. आनुवंशिक गुणांचे मूळ कागद तेथें जपून ठेवलेले असतात. बाहेर जातात त्या त्यांच्या नकला. केंद्रकाला लागून पसरलेल्या आंतर्द्रव्यजालिकेंत, पेशीबाहेर पाठवावयाचीं पुष्कळशीं प्रथिनें तयार होतात. तेथून तीं गॉल्गी पिंडाकडे जातात. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्गी ह्यांनीं १८९८ सालीं वर्णन केलेला हा पिंड टपालकचेरीप्रमाणें मालाची निवड करून तो योग्य ठिकाणीं रवाना करतो. प्राण्यांच्या पेशींतील लयकारिका म्हणजे मोडीत काढण्याचें आवार होय. तिच्या आंतील आम्लता भोंवतालच्या रसाच्या शंभरपटीहूनही अधिक असते, आणि जीर्ण झालेले भाग तेथें विरघळविले जातात. बुरशींत हेंच काम बव्हंशीं रिक्तिका नांवाची मोठी कोठडी करते. लयकारिकेंतील पाचक द्रव्यें आम्लांतच नीट चालतात. त्यामुळें त्यांतील थोडीं चुकून बाहेर सांडलीं तरी पेशीचा तत्काळ घात होत नाहीं. येथें भिंतीच्या जोडीला हवापाण्याचाही पहारा आहे, असें म्हणतां येईल.

तंतुकणिकेची गोष्ट याहून विलक्षण आहे. लोणावळ्याच्या बाजूस सांठविलेलें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खालीं सोडून टाटांच्या कंपनीनें १९१५ पासून खोपोली येथें वीज निर्माण केली. उंचावर अडविलेलें पाणी हीच तेथील शक्ति; धरणास भगदाड पडलें तर चक्रें फिरणार नाहींत. तंतुकणिकेंत पाण्याऐवजीं हायड्रोजनचे विद्युद्भारित कण अडविले जातात. अन्नाच्या ज्वलनांतून मिळालेल्या शक्तीनें हे कण आंतल्या पटलाच्या एका बाजूस ढकलले जातात, आणि परत येतांना ते ज्या दारांतून येतात तें दार खरोखरच चक्रासारखें फिरतें. त्या फिरण्यांतून पेशीच्या सर्व व्यवहारांस लागणारें एटीपी नांवाचें शक्तिद्रव्य तयार होतें. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल ह्यांनीं १९६१ सालीं ह्या व्यवस्थेची कल्पना मांडली तेव्हां तीवर बराच वाद झाला. १९७८ सालीं त्यांस तीबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या उदाहरणांत भिंत ही कामास साहाय्य करते एवढेंच नव्हे. भिंत नसेल तर तें कामच संभवत नाहीं.

आतां पेनिसिलिनच्या कोठडीकडे वळावयाचें. पिंपरीची कंपनी स्थापन झाली त्याच १९५४ सालीं स्वीडनमधील योहानेस रोडीन ह्यांनीं उंदराच्या मूत्रपिंडांतील पेशींत कांहीं सूक्ष्म गोलक पाहून त्यांचें वर्णन केलें. त्यांचें कार्य काय, हें तेव्हां अज्ञात होतें. बेल्जियमचे क्रिस्तियां द द्यूव्ह, ज्यांनीं १९५५ सालीं लयकारिकेचा शोध लावला होता, त्यांनींच पुढील दशकांत ह्या गोलकांतील रसायनांचा छडा लावून त्यांस पेरॉक्सिझोम हें नांव दिलें. १९७४ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. ह्या गोलकांत कांहीं द्रव्यांचें ज्वलन होतें आणि त्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड हें दाहक द्रव्य उत्पन्न होतें. परंतु तें बाहेर पडण्यापूर्वींच तेथील कॅटलेज नांवाचें विकर त्याचें पाणी आणि प्राणवायु करून टाकतें. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. घरांत जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावलें असतां जो पांढरा फेस येतो, तो ह्याच विकराच्या करणीचा होय.

पेनिसिलिन तीन टप्प्यांत घडतें. पहिल्या टप्प्यांत बुरशीच्या पेशीरसांतील एक विकर तीन अमिनो आम्लें एकामागून एक जोडतें. दुसऱ्या टप्प्यांत दुसरें विकर प्राणवायूच्या साहाय्यानें त्या जोडसाखळीला वळण देऊन तिचीं कडीं आंतल्या आंत बांधतें. येथें पेनिसिलिनचा सांगाडा तयार होतो. पण हें द्रव्य औषध म्हणून फारसें समर्थ नसतें. तिसऱ्या टप्प्यांत त्याची एक बाजू काढून तिच्या जागीं दुसरी बसवावयाची असते. इंजेक्शनांत वापरल्या जाणाऱ्या पेनिसिलिन-जी ह्या प्रकारासाठीं फेनिल ॲसेटिक आम्ल टाकींत मुद्दाम घालतात, आणि ही नवी बाजू त्यापासून मिळते. तिसरा टप्पा हा एक प्रकारें शेवटचा हात फिरविण्याचा टप्पा असून मालाची किंमत त्यावरच अवलंबून असते.

१९९१ सालीं डच संशोधकांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें असें दाखविलें कीं, पहिले दोन टप्पे पेशीरसांत होत असले तरी तिसऱ्या टप्प्याचें विकर पेरॉक्सिझोमांत असतें. फेनिल ॲसेटिक आम्लास कामासाठीं तयार करणारें विकरही तेथेंच असतें. म्हणजे पिंपरीच्या टाक्यांतून निघालेल्या पेनिसिलिनच्या घडणीचा शेवट मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाहूनही सहसा लहान असलेल्या ह्या गोलकांत होत होता.

येथें एक शंका सहजच उत्पन्न होते. विकर तेथें आहे हें खरें. परंतु तें तेथेंच असण्याची आवश्यकता आहे काय? विकराला आपलें काम येत असेल तर तें पेशींत कोठेंही बसून तें करील, असें वाटणें स्वाभाविक आहे. ह्या शंकेचें उत्तर १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें दिलें. प्रत्येक प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ असते. पेरॉक्सिझोमांत जावयाच्या बहुतेक प्रथिनांच्या माळेच्या टोंकाशीं तीन विशिष्ट मणी असतात, आणि हे तीन मणी म्हणजेच त्या प्रथिनाचा पत्ता. संशोधकांनीं पेनिसिलिनच्या शेवटच्या विकराचे तेवढे तीन मणी काढून टाकले. बाकी सर्व माळ जशीच्या तशी ठेवली. बुरशीनें तें विकर तयार केलें, पण तें पेरॉक्सिझोमांत न जातां पेशीरसांत आणि रिक्तिकेंत भरकटलें. तें बाहेर काढून परीक्षानळींत तपासलें तेव्हां चांगलें काम करीत होतें. मात्र त्या बुरशीकडून पेनिसिलिन मिळालें नाहीं. कारागीर निपुण, हत्यारें शाबूत, कच्चा माल हजर. केवळ बैठक चुकली आणि सर्व व्यर्थ गेलें. दुसऱ्या एका जातीच्या बुरशींत पुढें असें आढळलें कीं, ही बैठक मोडली तरी पेनिसिलिन अगदींच बंद पडत नाहीं, परंतु त्याचें प्रमाण घटतें. नियमास जातिपरत्वें थोडी सवलत आहे. नियम मात्र तोच आहे.

उलट बाजूनेंही ह्याचा पडताळा आला. अधिक पेनिसिलिन देणाऱ्या म्हणून निवडलेल्या बुरशींत पेरॉक्सिझोमांची संख्याही अधिक असते. १९५० नंतरच्या दशकांत कारखान्यांतील तज्ज्ञ सरस वाण निवडीत होते तेव्हां ते न कळत ज्या पेशींत ह्या कोठड्या अधिक त्याच निवडीत होते. २००५ सालीं एक पाऊल पुढें पडलें. पेरॉक्सिझोमांची वाढ करविणारें एकच प्रथिन बुरशींत वाढविलें असतां पेनिसिलिनचें उत्पादन सुमारें दुप्पट झालें, आणि तेंही पेनिसिलिन घडविणाऱ्या विकरांचें प्रमाण न वाढवितां. कारागीर तेवढेच ठेवून कारखान्यांत खोल्या वाढविल्या, आणि माल दुप्पट निघाला, असाच हा प्रकार झाला.

तीन मण्यांच्या ह्या पत्त्याचें महत्त्व औषधाच्या कारखान्यापुरतें नाहीं. बुरशींत जी पत्त्याची पद्धति आहे, मूलतः तीच मनुष्याच्या पेशींत आहे. पत्ता वाचून प्रथिनास पेरॉक्सिझोमांत नेणारी यंत्रणा जन्मतःच सदोष असली तर झेलवेगर नांवाचा दुर्धर विकार होतो. १९७३ सालीं अशा बालकांच्या यकृतांत व मूत्रपिंडांत पेरॉक्सिझोम दिसतच नाहींत, असें निदर्शनास आलें. त्या बालकांच्या पेशींत विकरें तयार होतात, पण त्यांना घर मिळत नाहीं. मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड ह्यांची घडण बिघडते, आणि तीव्र स्वरूपाच्या विकारांत मूल बहुधा एक वर्षही पुरें करीत नाहीं. ह्या विकाराचीं आनुवंशिक कारणें उलगडण्यांत यीस्टसारख्या क्षुद्र बुरशींवरील संशोधनाचा फार मोठा उपयोग झाला. बुरशीच्या पेशींतील कोठडीचा अभ्यास हा पाळण्यांतील बालकाच्या रोगनिदानास कसा उपयोगी पडतो, ह्याचें हें उदाहरण होय.

ज्या जंतूंवर पेनिसिलिन चालतें त्यांच्या पेशींत केंद्रक, तंतुकणिका किंवा पेरॉक्सिझोम अशा कोठड्या नसतात. त्यांच्या बाहेरून मात्र एक बळकट तट असतो. पेनिसिलिन त्या तटाच्या बांधकामांत विघ्न आणतें, आणि वाढणारा जंतु फुटून मरतो. मनुष्याच्या पेशीस असा तट मुळींच नाहीं; म्हणून ज्यांस पेनिसिलिनचें वावडें नाहीं त्यांस तें बहुशः निर्धोक असतें. परंतु सर्वच औषधांचें असें नाहीं. पिंपरीस पुढें क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनही तयार झालें. हें औषध जंतूंच्या प्रथिनें विणणाऱ्या मागांवर, म्हणजे रायबोझोमांवर, आघात करतें. आतां गंमत अशी कीं, तंतुकणिका ही कोठडी अतिप्राचीन काळीं एक स्वतंत्र जंतु होती आणि दुसऱ्या पेशीच्या आश्रयास येऊन कायमची राहिली, असें आज शास्त्रज्ञ मानतात. तिच्याजवळ स्वतःचे माग अद्यापि आहेत, आणि ते जंतूंच्या मागांसारखे आहेत.

ह्या जुन्या नात्याचा परिणाम कांहीं कुटुंबांस भोगावा लागतो. तंतुकणिकेच्या आनुवंशिक लेखांतील १५५५ व्या स्थानीं एका अक्षराचा बदल असलेल्या व्यक्तींत तिचे माग जंतूंच्या मागांशीं अधिकच जुळते होतात. अशा व्यक्तींस स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन किंवा अमिकासिन ह्या वर्गांतील इंजेक्शन दिलें तर कायमचें बहिरेपण येण्याचा धोका असतो, असें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. तंतुकणिका केवळ आईकडून मुलांत येतात. त्यामुळें आई, मामा, मावशी किंवा आजोळची आजी ह्यांपैकीं कोणाचें ऐकणें अशा इंजेक्शनांनंतर गेलें असेल, तर ती गोष्ट उपचारापूर्वीं डॉक्टरांस आवर्जून सांगणें हिताचें आहे. घरांतील वडील मंडळींस विचारून ठेवलेली एवढी माहिती एखाद्या मुलाचे कान वांचवूं शकते. मात्र तेवढ्या भीतीनें चालू असलेलें औषध आपल्याच मतानें बंद करणें सर्वथा अयोग्य होय.

पटल फोडणारें औषधही पिंपरींतच निघालें. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या संशोधनशाळेंत डॉ. एम. जे. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९६० च्या सुमारास मातींतील एका सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन हें बुरशीनाशक द्रव्य मिळविलें. त्या जीवाचें शास्त्रीय नांव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना; त्यांत पिंपरीचें नांव अमर झालें आहे. बुरशीच्या पटलांत अर्गोस्टेरॉल नांवाचा स्निग्ध पदार्थ असतो. हॅमायसिन ज्या वर्गांतील आहे तीं औषधें त्याला बिलगून पटलाची बंदिस्ती मोडतात. आंतील क्षार बाहेर वाहून जातात आणि बुरशी मरते. मनुष्याच्या पटलांत अर्गोस्टेरॉलच्या जागीं त्याचेंच भावंड, कोलेस्टेरॉल, असतें. दोहोंतील भेद थोडा आहे, आणि त्या थोड्या भेदावरच रोग्याची सुरक्षितता टेकलेली असल्यामुळें ह्या वर्गांतील औषधें फार जपून वापरावीं लागतात.

ह्या सर्व उदाहरणांतून एकच तत्त्व निष्पन्न होतें. पेशीजवळ कोणकोणतीं द्रव्यें आहेत ह्याची यादी कितीही पूर्ण केली तरी पेशी कळली असें होत नाहीं. कोणतें द्रव्य कोठें आहे, हें कळल्यावरच तिचें जीवन उलगडूं लागतें. तेंच विकर योग्य कोठडींत असतां औषध घडवितें आणि बाहेर असतां निरुपयोगी ठरतें. तेंच पटल अभंग असतां शक्ति देतें आणि छिद्र पडतांच प्राण घेतें. रोग्याच्या शरीरांतील नेमक्या पेशींत, आणि त्या पेशींतील नेमक्या कोठडींत औषध कसें पोंचवावें, ह्या प्रश्नावर आज अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे. त्याचें बीज त्या तीन मण्यांच्या पत्त्यांत आहे.